कॉर्बेटच्या रायफलीवरचा टॉर्च

होस्टेलवर रात्रीच्या जेवणानंतर कशावरून वाद पेटेल ते सांगता येत नाही. मध्यंतरी एका इंग्रजी सिनेमावरून विषय निघाला. घराच्या रक्षणासाठी पिस्तूल ठेवलं, तर त्याच्या नळीखाली टॉर्च बसवावा की लेझर? बहुमत अर्थातच लेझरला. लाल ठिपका दिसला की काम झालं, असा एकूण सूर.

मी अंदर मावळातल्या टाकवे बुद्रुकचा. पिस्तुलाशी आमचा संबंध पडद्यापुरताच. पण रात्री गोठ्यापाशी काहीतरी हललं, ते कुत्रं, बिबट्या की शेजारचे आजोबा, हा प्रश्न आमच्याकडे खरा आहे. म्हणून मला या वादात जिम कॉर्बेट आठवला. हत्यारावर दिवा बसवायचा म्हणजे काय, हे त्या माणसाला चांगलंच कळलं होतं.

कॉर्बेटचा जन्म २५ जुलै १८७५चा, नैनितालचा. वडील तिथे पोस्टमास्तर. ते लवकर गेले आणि जिम विशीच्या आतच रेल्वेत नोकरीला लागला. मोकामा घाटावर मालाच्या चढउताराचं काम त्याने वीसएक वर्षं सांभाळलं. म्हणजे नरभक्षकांची शिकार हा काही त्याचा पोटापाण्याचा धंदा नव्हता. १९०७ साली त्याने चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी होते.

आपल्या विषयाचा भाग मात्र रुद्रप्रयागचा. १९१८ ते १९२६ या काळात तिथल्या एका बिबट्याने सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसं मारली. केदारनाथ-बद्रीनाथच्या वाटेवरची गावं सूर्य मावळला की दारं बंद करून बसायची, आणि तो दार फोडूनही आत शिरायचा. कॉर्बेट १९२५मध्ये तिथे गेला. पहिली अडचण उजेडाची. एकदा तर त्याने भक्ष्याजवळ पांढरा दगड ठेवला. दगड दिसेनासा झाला म्हणजे बिबट्या मध्ये आला, असा हिशोब! (आपल्या लॅबमधल्या सेन्सरचं तत्त्व याहून फार वेगळं नाही.) हिशोब बरोबर निघाला, पण गोळीने मानेवरचे थोडे केस तेवढे उडाले. पुढे एका रात्री तो आणि त्याचा मित्र इबटसन पेट्रोलचा दिवा घेऊन डोंगर उतरत होते. इबटसनला ठेच लागली, दिवा दगडावर आपटला, मँटलचा चुरा झाला. अंधारात कशीबशी एक झोपडी गाठली. सकाळी त्यांच्या पावलांवर बिबट्याचे ठसे होते.

शेवटी १९२६च्या मे महिन्यात गोलाबराईला, यात्रेच्या वाटेवरच्या एका आंब्यावर तो रात्रीमागून रात्री बसला. खाली गळ्यात घंटा बांधलेली शेळी, हातात .२७५ रिग्बी रायफल आणि रायफलीला बसवलेला विजेचा टॉर्च. तेव्हा टॉर्च नवलाईची वस्तू. कॉर्बेटने तो कित्येक महिने जवळ बाळगला होता, पण वापरायची वेळ आली नव्हती आणि बॅटरी तपासावी लागते हे त्याला ठाऊक नव्हतं. घंटा वाजली, त्याने बटण दाबलं. एक मंद झोत, त्यात बिबट्याचा खांदा नेमका नेमासमोर. चाप ओढला आणि टॉर्च विझला. गोळी लागली की नाही, कळायला मार्गच नाही. जवळच्या धर्मशाळेतला पंडित हाका मारून विचारत होता, पण कॉर्बेटने उत्तर दिलं नाही. तो कान देऊन बसला होता. पहाटे खाली उतरला, तेव्हा बिबट्या मरून पडलेला. चांगलाच म्हातारा. शेळी मात्र सहीसलामत. तिच्या मालकाने पुढे तिच्या गळ्यात पितळी पट्टा घातला.

माझं मत या गोष्टीवरून बनलं. त्या मंद झोताने कॉर्बेटला समोर कोण आहे ते दाखवलं. लेझर ते दाखवत नाही. ठिपका बिबट्यावर आहे की पंडितावर, हे अंधारात ठिपक्याला काय कळणार? शिवाय लेझर नळीच्या काही सेंटिमीटर खाली असतो. नळीची रेष आणि त्याची रेष एका ठरावीक अंतरालाच जुळतात, पुढेमागे फरक पडतोच. तेव्हा आधी टॉर्च. त्यातही पिस्तुलाला जोडलेल्या टॉर्चने बघायचं म्हणजे आधी नळी रोखायची. आपल्या घरात रात्री पाणी प्यायला उठणारी माणसं किती! म्हणून हातात सुटा टॉर्च हवाच. बिबट्यासाठी तर तोच पुरे. १९७२च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि आपण आलोय हे त्याला दिसलं की सहसा तोच वाट बदलतो.

कॉर्बेट पुढे कॅमेऱ्याकडे वळला, वाघांचं चित्रीकरण करू लागला. १९३६ साली झालेल्या राष्ट्रीय उद्यानासाठी त्याने खटपट केली. त्या उद्यानाला आज त्याचंच नाव आहे. १९४७ साली तो बहिणीसह केनियाला गेला आणि १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरीला वारला. लेझर निघाला तो १९६० साली.