गड चढणे संपले तेव्हा

माहूरच्या माणसाला पडक्या तटांचे नवल नसते. रेणुकामातेच्या दर्शनाला आलेले बहुतेक भाविक किल्ला लांबूनच पाहून परततात. जंगलाने वेढलेल्या त्या बुरुजांच्या पोटात काय असेल, हे विचारतात ती फक्त मुले. अशा मुलांना एके काळी त्याचे उत्तर एका पुस्तकात सापडे. ते पुस्तक म्हणजे १९१३ सालची ‘वीरधवल’, आणि तिचे लेखक नाथमाधव.

त्यांचे खरे नाव द्वारकानाथ माधव पितळे. जन्म ३ एप्रिल १८८२ चा, मुंबईतला. शिक्षण अर्ध्यावर सुटले आणि कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात त्यांनी नोकरी धरली. शिकारीचा नाद होता. ऐन तारुण्यात सिंहगडावर शिकारीला गेले असता ते कड्यावरून कोसळले. जीव वाचला, कमरेखालचे शरीर मात्र कायमचे लुळे पडले. अंथरुणावरच्या त्या दिवसांत वाचनाची गोडी लागली आणि वाचता वाचता लेखणी हाती आली. १९०८ साली ‘प्रेमवेडा’ प्रसिद्ध झाली.

तो काळच अद्भुताचा होता. पडके किल्ले, शापित घराणी, कोंडून ठेवलेल्या नायिका यांचा मसाला इंग्रजीत १७६४ च्या सुमारास होरेस वॉल्पोलने पहिल्यांदा कुटला. ॲन रॅडक्लिफने त्यात भीतीची चव वाढवली. आपल्याकडे तो पोहोचला मुख्यतः रेनॉल्ड्समुळे. विलायतेत पुढे विसरला गेलेला हा लेखक हिंदुस्थानात चवीने वाचला जाई. हरि नारायण आपट्यांच्या पहिल्या कादंबरीवरही त्याची छाया होती. नाथमाधव त्याच वळणाने गेले. पण विलायती भीतीला त्यांनी आपल्याकडच्या गडांचा आणि राजघराण्यांचा पेहराव चढवला.

शाळकरी वयात अशी कादंबरी वाचताना पुढच्या पानावर काय होणार, एवढेच दिसते. साठीत तीच पुन्हा हाती घेतली की रहस्ये आधीच ठाऊक असतात, योगायोग खटकतात, भाषेचा फुलोरा जड वाटतो. आणि तरी पुस्तक खाली ठेववत नाही. अशा कथांमधला कोंडलेला माणूस आता निराळा दिसू लागतो. दार बाहेरून लावलेले आहे, सुटका दुसऱ्याच्या हातात आहे, आणि शरीर जखडलेले असले तरी मन गप्प बसत नाही. ही अवस्था नाथमाधवांना कल्पनेने रचावी लागली नसेल. घोडदौड, तलवारीचे हात, तटावरून मारलेली उडी हे सारे ज्याने लिहिले, त्याला दाराशी जायलाही आधार लागत होता.

त्यांनी स्वतःच्या दुःखाचे भांडवल मात्र केले नाही. ‘डॉक्टर’सारखी सामाजिक कादंबरी लिहिली. ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासून सुरू झालेल्या मालेत त्यांनी वाचकांना शिवकाळात फिरवून आणले. ज्याच्या पायांना गडाची वाट कायमची बंद झाली होती, त्याचे बोट धरून घरोघरचे वाचक गडांवर पोहोचले. २१ जून १९२८ रोजी ते गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे ४६ वर्षांचे होते. लेखनाला मिळाली ती जेमतेम वीस वर्षे.

घरातल्या जुन्या कपाटात ‘वीरधवल’ची प्रत असेल, तर ती मुलांच्या हाती जरूर द्यावी. आधी त्यांना मनसोक्त भिऊ द्यावे. लेखकाची हकिकत मागाहून सांगावी. म्हणजे कधीतरी ती स्वतःच पुस्तक पुन्हा उघडतील.