देवाचं ऐकलं, पण बिशपांचं नाही : पंडिता रमाबाईंची गोष्ट

देवाची आज्ञा पाळायची म्हणजे नक्की कुणाचं ऐकायचं? चर्चचं, धर्मगुरूंचं की आपल्या मनाला जे पटलंय त्याचं?

१८८३ साली हा प्रश्न इंग्लंडमध्ये एका मराठी विधवेपुढे उभा राहिला. वय २५, सोबत दोन वर्षांची मुलगी मनोरमा. नाव पंडिता रमाबाई.

वडील अनंतशास्त्री डोंगरे. लोकांचा विरोध पत्करून त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं. पुढे दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई भावासोबत पायी देश फिरल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, तोच पती बिपिनबिहारी वारले.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. आता ही बाई सांगू तसं वागेल, असं तिथल्या सिस्टर्सना वाटलं. पण रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. क्रॉसवर लॅटिन कशाला, संस्कृत का नको, असं त्यांनी विचारलं. त्रैक्याची शिकवण केवळ सांगितली म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या. त्यांनी पुरुषांना शिकवू नये असं भारतातल्या बिशपांचं मत पडलं, तेव्हा तर त्या पत्रांतून चांगल्याच भांडल्या. सद्सद्विवेक आपण देवाला दिलाय, माणसांना नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

इकडे पुण्यातही सुटका नव्हती. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेलं शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्याला आलं. तिथल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ मध्ये वादळ उठलं. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. खरं सांगायचं तर पालकांची भीती अगदीच खोटी नव्हती. काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्याच. पण आपण बळजबरी करत नाही आणि दार लावून प्रार्थनाही करणार नाही, यावर रमाबाई ठाम राहिल्या.

मग १८९६ चा दुष्काळ आला. स्वतः उपाशी दिवस काढलेली ही बाई मध्य प्रांतात गेली आणि शेकडो मुलींना घेऊन आली. पुण्याजवळच्या केडगावात 'मुक्ती' उभं राहिलं. १९०० च्या सुमारास तिथे जवळपास दोन हजार जणी होत्या. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायकाच चालवायच्या. पुढच्या महिन्याच्या पैशांची हमी नसायची. देवाने माणसं पाठवली म्हणजे तो धान्यही पाठवेल, या हिशोबावर रमाबाई नव्या मुलीला दारातून परत पाठवत नसत.

त्यांचं शेवटचं मोठं काम बायबलचं. आधीचं मराठी बायबल संस्कृतप्रचुर होतं. खेड्यातल्या बाईला कळतच नाही, तर ती देवाचं ऐकणार कसं? म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत भाषांतर करत राहिल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. मुक्तीतल्या बायकांनी छापलेलं ते बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.