डॉ. रखमाबाई : नांदायला न गेलेली मुलगी



आपल्या करोंद परिसरातील मराठी घरांतल्या मुलामुलींसाठी आम्ही थोरांच्या जीवनाची ओळख करून देत असतो. या वेळी डॉ. रखमाबाईंची निवड मुद्दाम केली आहे. हल्ली आठवी-नववीतल्या मुलांच्या आयुष्यातही अशी नाती येतात, जिथे प्रेमाच्या नावाखाली धाक चालतो. अशा नात्याला नाही म्हणायचे कसे, हे रखमाबाईंनी १४० वर्षांपूर्वी दाखवून दिले.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्यांच्या लहानपणीच वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सुतार समाजात त्याला मान्यता होती. पुनर्विवाहापूर्वी जयंतीबाईंनी पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावावर करून दिली.

अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या मुलाशी लागले. त्याने घरजावई म्हणून राहायचे आणि शिकायचे, असे ठरले होते. पण अभ्यासात त्याचे मन रमेना. तो मामाकडे राहायला गेला. त्या घरचे वातावरण चांगले नव्हते. मामाने बाई ठेवली होती. दादाजीला कर्जही झाले. रखमाबाईंनी त्या घरी नांदायला जाण्यास नकार दिला. सावत्र वडील असूनही सखाराम अर्जुन मुलीच्या पाठीशी उभे राहिले. रखमाबाई घरीच पुस्तके मिळवून शिकत राहिल्या.

१८८४ मध्ये दादाजीने पत्नीचा ताबा मिळावा म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. त्याचा डोळा मालमत्तेवर असल्याचे रखमाबाईंच्या बाजूने मांडण्यात आले. खटला चालू असताना १८८५ मध्ये सखाराम अर्जुन वारले. त्याच वर्षी रखमाबाईंनी टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली. सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. अजाणत्या वयात लग्न लागलेल्या आणि पतीबरोबर कधीच न राहिलेल्या स्त्रीला जबरदस्तीने पाठवता येणार नाही, असा त्याचा आशय होता.

दादाजीने अपील केले आणि वारे फिरले. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. लोकमान्य टिळकांच्या केसरीने त्यांच्याविरुद्ध लिहिले. बेहरामजी मलबारी आणि पंडिता रमाबाई त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांत होते. अखेर १८८८ मध्ये दादाजीने दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. पुढे १८९१ मध्ये मुलींचे संमतीवय १० वरून १२ वर्षे झाले. त्या कायद्याच्या चर्चेला या खटल्याने जोर दिला होता.

मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधील डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या. १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या. सुरत आणि राजकोट येथे सुमारे ३५ वर्षे त्यांनी स्त्रियांवर उपचार केले. निवृत्तीनंतर पडदापद्धतीविरुद्ध लिहिले. पुन्हा लग्न केले नाही. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

आम्हाला या चरित्रातून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली मुलामुलींसाठी. दादाजी हक्काची भाषा बोलत होता, संमती विचारत नव्हता. आजचा धाक कोर्टाच्या कागदावर येत नाही. तो फोनचा पासवर्ड मागतो, मैत्रिणी तोडायला लावतो, फोटो पसरवण्याची किंवा जीव देण्याची धमकी देतो, हात उगारतो आणि मग माफी मागतो. हे प्रेम नव्हे. मुलग्यांवरही असे प्रसंग येतात. अशा वेळी एकट्याने भांडत बसू नका. मेसेज पुसू नका, ते पुरावा असतात. एका विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. बालपणी लग्न लावले गेले असेल तर २००६ च्या कायद्यानुसार सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत ते रद्द करून घेता येते.

दुसरी पालकांसाठी. रखमाबाई धीट होत्याच, पण त्यांच्या घरात त्यांचे ऐकणारे माणूस होते. मुलीने काही सांगितले तर आधी तिचा फोन काढून घेऊ नका, शाळा बंद करू नका, लोक काय म्हणतील हे विचारू नका. ती पुढच्या वेळी सांगणारच नाही. सखाराम अर्जुनांनी सावत्र मुलीसाठी जे केले, ते आपण पोटच्या मुलांसाठी नक्कीच करू शकतो.

डॉ. रखमाबाईंच्या स्मृतीस आम्हा सर्वांचे अभिवादन.