ठिपका, रेघ आणि भातखंडे

लोणावळ्याचा पाऊस म्हणजे हॉस्टेलवर लाइट गुल आणि गिटार बाहेर! आमच्या गिटारवाल्यांकडे जॅझची जी पानं असतात ती झेरॉक्सचीही झेरॉक्स. त्यात कॉर्डच्या नावापुढे छोटं वर्तुळ म्हणजे डिमिनिश्ड आणि त्याच वर्तुळावर तिरकी रेघ म्हणजे हाफ-डिमिनिश्ड. झेरॉक्समध्ये रेघ उडाली की कॉर्डच बदलली. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे डो-रे-मी आधी शिकले, सारेगम नंतर. पण एवढ्याशा रेघेवर किती अवलंबून असतं ते मला समजलं एका मराठी वकिलामुळे.

पंडित विष्णु नारायण भातखंडे. जन्म १० ऑगस्ट १८६०, मुंबईत वाळकेश्वरला. १८८७ साली ते वकिलीची परीक्षा पास झाले, पण जीव सगळा गाण्यात. पारशी मंडळींनी काढलेल्या गायन उत्तेजक मंडळीत ते शिकले. पुढे पत्नी गेली, मग एकुलती एक मुलगीही गेली. वकिली सोडून हा माणूस गाण्याच्या मागे देशभर फिरला.

१९०४ साली ते दक्षिणेत गेले. तिथली ७२ मेळांची पद्धत अभ्यासली आणि उत्तरेकडचे राग १० थाटांत बसवले. पण मोठी अडचण वेगळीच होती. बंदिशी होत्या उस्तादांच्या गळ्यात. उस्ताद गेले की बंदिश गेली, बॅकअप नाहीच! अशा हजारावर बंदिशी भातखंड्यांनी मिळवल्या, लिहून काढल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत सर्वांसाठी खुल्या केल्या.

त्यांची लिपी अगदी साधी. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. वरच्या सप्तकाला वर ठिपका, खालच्या सप्तकाला खाली. समेला फुली, खालीला शून्य. बस्स! पण यमनमधल्या मध्यमावरची उभी रेघ पुसली गेली, तर हाती उरतात बिलावलचे स्वर. झेरॉक्सवाला थाटच बदलून टाकतो!

त्याच काळात पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी दुसरी लिपी केली. तिच्यात वरचा ठिपका म्हणजे खालचं सप्तक आणि अधिकचं चिन्ह म्हणजे खाली. म्हणजे ठिपका तोच, अर्थ नेमका उलटा. दोन्ही लिपी आपापल्या जागी बरोबर, पण पान कुठल्या लिपीतलं हे माहीत नसेल तर गाणारा बुडाला.

आज आपण हे कॉम्प्युटरवर टाइप करतो. वरच्या ठिपक्यासाठी अनुस्वार आणि खालच्यासाठी नुक्ता वापरतो. खालच्या सप्तकातल्या कोमल निषादाला मात्र ठिपका आणि रेघ दोन्ही खालीच लागतात. फॉन्ट बारीक असला की दोन्हींचा एकच डाग होतो.

१९१६ साली बडोद्याला भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभं राहिलं, त्याचं आज विद्यापीठ झालं आहे. शेवटची वर्षं मात्र आजारपणात गेली. १९ सप्टेंबर १९३६ ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी ते वारले.

ड्रॉइंग शीटवर लेजंड नसेल तर सर शीट परत करतात ना? मग गॅदरिंगसाठी गाणं लिहून देताना वरच्या कोपऱ्यात चिन्हांचे अर्थ लिहा, अक्षर मोठं काढा. एका माणसाने आयुष्य घालून जे कागदावर आणलं, ते आपल्या झेरॉक्समध्ये पुसलं जाऊ नये.