रॉबर्ट कापा: हाती फक्त कॅमेरा

रॉबर्ट कापा यांचा जन्म १९१३चा, बुडापेस्टचा; मूळ नाव एंड्रे फ्रीडमन. स्पेनच्या यादवी युद्धात ते आणि गेर्डा टारो मिळून छायाचित्रे काढत. १९३७मध्ये तिथेच रणगाड्याच्या धडकेत गेर्डाचा अंत झाला. कापांनी तरीही आघाडी सोडली नाही. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर ते अमेरिकन सैनिकांबरोबर उतरले. तिथली त्यांची चित्रे हललेली, अस्पष्ट आहेत. पण त्या सकाळची धांदल त्यांतच दिसते. सैनिकाला हुकूम असतो. कापांना परत फिरायची मुभा होती. त्यांचे धैर्य, मला वाटते, इथेच मोजावे. २५ मे १९५४ रोजी व्हिएतनाममध्ये फ्रेंच तुकडीची छायाचित्रे घ्यायला ते जीपमधून उतरून पुढे गेले. पाय सुरुंगावर पडला. वय होते ४०.