दोन नियमांचा एक खेळाडू

पाहुणे जमले, जेवणे झाली आणि घरात पट मांडला गेला की पहिले भांडण हमखास नियमावरून होते. आमच्याकडे असे खेळत नाहीत, असे एकजण म्हणतो. आमच्याकडे हेच चालते, असे दुसरा ठासून सांगतो. मग आजोबांना साक्षीला बोलावले जाते आणि ते तिसराच नियम सांगतात! सारीपाट असो, पत्ते असोत, मुलांचा व्यापार असो, प्रत्येक घराची आपली एक राज्यघटना असते. ती कुठे लिहिलेली नसते, पण तिच्याविरुद्ध अपीलही चालत नाही.

बुद्धिबळाचेही आपल्या देशात अगदी परवापरवापर्यंत असेच होते. या सरमिसळीतून एक माणूस उठला, सातासमुद्रापार गेला, पोरवयापासून हाडीमाशी खिळलेले नियम बाजूला ठेवून नवे नियम शिकला आणि त्या परक्या नियमांनी त्याने ज्यांचे नियम त्यांनाच हरवले. त्यांचे नाव मीर सुलतान खान. बुद्धिबळाच्या इतिहासात हे नाव मोठे आहे. आपल्या घराघरांत मात्र ते म्हणावे तितके पोचलेले नाही.

आजच्या पाकिस्तानातल्या पंजाबात, खुशाबजवळ मिठा टिवाणा नावाचे गाव आहे. सुलतान खान तिथले. जन्मसाल कुणी १९०३ देतात, बहुतेक पुस्तके १९०५ देतात. वयाच्या नवव्या वर्षी वडिलांनी त्यांना पट शिकवला, तो अर्थातच देशी. एकविसाव्या वर्षाच्या सुमारास पंजाबात त्यांच्या तोडीचा खेळाडू उरला नव्हता.

हा देशी पट म्हणजे काय, हे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण पुढची सारी गोष्ट त्यावरच उभी आहे. चौसष्ट घरे तीच, मोहरेही तेच. पण मांडणीतच पहिला फरक. विलायती पटावर राजासमोर राजा आणि वजिरासमोर वजीर असतो. देशी पटावर माझ्या राजासमोर तुमचा वजीर. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाणार, दोन घरांची उडी नाही. साहजिकच जाता जाता मारण्याचा, नवशिक्यांना हटकून गोंधळात टाकणारा तो नियमही नाही. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्याची उडी मारण्याची मुभा. आणि सगळ्यात मोठा फरक शेवटच्या घरात. विलायती खेळात प्यादे पलीकडे पोचले की खेळाडूला हवे ते मोहरे होते, म्हणजे बहुधा वजीरच. देशी खेळात ते ज्या घरात पोचेल त्या घरचे मोहरे होते. हत्तीच्या घरात गेले तर हत्ती, उंटाच्या घरात गेले तर उंट. शिवाय गावोगावचे पोटनियम वेगळे. राजाला शह नाही पण हलायला जागाही नाही, अशी कोंडी झाली तर काय करायचे, याची उत्तरे प्रांताप्रांतात निराळी होती.

हे नुसते कायद्याचे कलम नव्हे, त्याने खेळाचा स्वभाव बदलतो. प्यादी एकेक पाऊल टाकणार म्हणजे सुरुवात संथ. दोन्ही सैन्ये बराच वेळ आपापल्या हद्दीत व्यूह रचत बसणार. पहिल्या दहा चालींत हाणामारी करून डाव संपवण्याची घाई इथे कुणाला नसते. आणि कोणते प्यादे कोणत्या घरात पोचवायचे याचा हिशेब करायचा तर डावाचा शेवट आधीपासून डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. सुलतान खान यांच्या खेळातले गुण आणि उणिवा दोन्ही मला इथे सापडतात. त्यांच्या सुरुवातीच्या चालींना युरोपातले पंडित नाके मुरडत, आणि शेवटच्या टप्प्यातल्या त्यांच्या खेळापुढे तेच पंडित हात टेकत.

पंजाबातले बडे जमीनदार, कालऱ्याचे सर उमर हयात खान टिवाणा, यांना बुद्धिबळाचा शौक होता. त्यांनी या तरुणाला आपल्या पदरी घेतले आणि विलायती नियम शिकवले. १९२८ साली अखिल भारतीय स्पर्धेत सुलतान खान नऊपैकी आठ डाव जिंकले आणि एक बरोबरीत सोडवला. सर उमर त्या काळात लंडनमध्ये भारतमंत्र्यांच्या सल्लागार मंडळावर होते. १९२९ च्या वसंतात ते या खेळाडूला बरोबर घेऊन गेले.

लंडनमध्ये त्यांच्या सरावासाठी एक छोटी स्पर्धा भरवली गेली. तिच्यात ते तळाला राहिले. हे अपेक्षितच होते म्हणा. विलायती खेळातल्या सुरुवातीच्या चालींवर तोवर ग्रंथांची भिंत उभी राहिली होती. समोरच्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या घोटलेली, आणि हे गृहस्थ पहिल्या चालीपासून स्वतःच्या डोक्याने विचार करत बसलेले. स्पर्धेत त्यांच्या वर राहिलेल्या विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या दोघा इंग्रज खेळाडूंनी मग त्यांची तयारी करून घेतली. या दोघांचे मोल मला फार वाटते. त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेटला ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा होती. साम्राज्यातून आलेल्या एका अनोळखी माणसाला आपल्या खेळातल्या खाचाखोचा समजावून देताना त्यांनी हात आखडता घेतला नाही. रॅम्सगेटला सुलतान खान जिंकले. नवे नियम शिकून फार तर तीन-चार वर्षे झालेला माणूस ब्रिटिश साम्राज्याचा विजेता!

माझी सारी नोकरी बँकेत गेली. तिथे मुख्य कचेरीचे परिपत्रक एकच यायचे, पण प्रत्येक शाखेत त्याचा अर्थ निराळा लागायचा. बदली होऊन आलेला माणूस पहिले पंधरा दिवस त्या शाखेची वहिवाट शिकण्यातच घालवतो. नवे शिकणे त्या मानाने सोपे; हाताला लागलेले जुने वळण सोडणे महाकठीण. वर्षानुवर्षे ज्या हाताने प्यादे एक घर सरकवले त्या हाताला दोन घरांची सवय लावायची, समोरचा किल्लेकोट करून राजाला क्षणात कोपऱ्यात दडवील हे सतत ध्यानात ठेवायचे, आणि हे सारे घड्याळ टिकटिकत असताना! आपल्याकडे ओट्यावर बसून दोन दोन दिवस एक डाव चालत असे. तिकडे चालींना वेळेचे बंधन.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. देशी खेळ म्हणजे अडाणी, सुधारायचा राहून गेलेला खेळ, असे इंग्रजी लेखक सर्रास गृहीत धरत आणि आपणही धरतो. तो आपल्या नियमांत पूर्ण असलेला खेळ होता. या दोन खेळांमधला पूल बांधण्याचे कामही फार आधी मुंबईत झाले होते. १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूप मुंबईत छापले गेले. त्यातली कूटे विलायती पद्धतीला जुळवून दिलेली होती. म्हणजे सुलतान खान यांच्या आधी शंभरावर वर्षे कुणीतरी दोन्ही नियम शेजारी ठेवून विचार करत होते.

रॅम्सगेटनंतर ते मायदेशी आले आणि १९३० च्या मे महिन्यात पुन्हा लंडनला पोचले. पुढची साडेतीन वर्षे हीच त्यांची खरी कारकीर्द. लिएजच्या स्पर्धेत टार्टाकोवर यांच्यामागे दुसरा क्रमांक. मग १९३०-३१ ची हेस्टिंग्जची प्रसिद्ध स्पर्धा. समोर क्युबाचे होसे राऊल कॅपाब्लांका, १९२७ पर्यंतचे जगज्जेते, ज्यांना हरवणे म्हणजे दगडाला पाझर फोडणे. सुलतान खान पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळले. झटापट नाही, आतषबाजी नाही. हळूहळू, घराघराने, त्यांनी कॅपाब्लांकांची जागा आवळत नेली, आणि पासष्ट चालींनंतर माजी जगज्जेत्याने डाव सोडला. मला तर या डावात मिठा टिवाण्याचा देशी पटच दिसतो. घाई न करता व्यूह रचायचा आणि मग समोरच्याला श्वास घ्यायला जागा ठेवायची नाही. पुढे कॅपाब्लांका यांनी त्यांच्या प्रतिभेचा मोकळ्या मनाने गौरव केला.

१९३१ साली प्रागच्या ऑलिंपियाडमध्ये ते इंग्लंडच्या संघातून पहिल्या पटावर बसले. सतरा डावांत आठ विजय, सात बरोबरी, दोन पराभव. हरलेल्यांत रुबिनस्टाइन आणि फ्लोर. बरोबरीवर समाधान मानणाऱ्यांत खुद्द जगज्जेते अलेखाइन. त्याच वर्षी टार्टाकोवर यांच्याशी बारा डावांचा सामना त्यांनी चार विरुद्ध तीन विजयांनी जिंकला. ब्रिटिश अजिंक्यपद १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा त्यांच्याकडेच आले. १९३३ ला हेस्टिंग्जमध्ये आणखी एक नवल घडले. सर उमर यांच्याच घरातल्या फातिमा यांनी महिलांचे ब्रिटिश अजिंक्यपद पटकावले.

या विजयांच्या आड त्यांचे हाल झाकले जातात. इंग्लंडची थंडी त्यांना कधीच मानवली नाही. हिवताप, सर्दी, घशाची दुखणी पाठीस लागलेली. गळ्याला गुंडाळून, डोक्याला फेटा बांधून ते पटावर बसत. चेहऱ्यावरची रेषा हलत नसे. डाव जिंकतो आहे की हरतो आहे, हे पाहणाऱ्याला कळू नये!

आता एका नाजूक विषयाकडे येतो. अमेरिकेचे नामवंत खेळाडू रूबेन फाइन यांनी पुढे एक आठवण लिहिली. १९३३ साली अमेरिकेचा संघ सर उमर यांच्या घरी जेवायला गेला, तेव्हा ज्यांच्या सन्मानार्थ आपण आलो असे त्यांना वाटत होते ते सुलतान खानच पंगतीत वाढत होते. ही आठवण जगभर फिरली आणि एका निरक्षर नोकराने साम्राज्य जिंकल्याची कहाणी तयार झाली. २०२० साली निघालेल्या इंग्रजी चरित्राच्या नावातही त्यांना नोकरच म्हटले होते. तेव्हा त्यांच्या घरच्यांनी जाहीर हरकत घेतली. आपले घराणे पिरांचे, शेतीवाडी असलेले. सुलतान खान निरक्षर नव्हते आणि चाकरही नव्हते, सर उमर यांनी त्यांना खेळाडू म्हणून मानधनावर ठेवले होते, असे त्यांचे म्हणणे. मला घरच्यांची बाजू पटते. आपल्याकडे यजमानाच्या घरी पाहुणे आले की घरचा कर्ता मुलगाही वाढायला उठतो. परक्या टेबलावरच्या माणसाला त्यात वाढपी दिसतो. जेवणाच्या टेबलाचेही नियम असतात आणि तेही देशोदेशी वेगळे. पण सर उमर यांच्या मर्जीवर त्यांचे लंडनमधले राहणे अवलंबून होते, हे मात्र खरे. १९३३ च्या डिसेंबरात सर उमर परतले, त्यांच्याबरोबर सुलतान खानही परतले, आणि तिशीच्या आसपास, खेळ ऐन भरात असताना, युरोपातली त्यांची कारकीर्द संपली.

१९३५ साली त्यांचा एक सामना झाला तो आपल्या व्ही. के. खाडिलकरांशी. दहा डावांत खाडिलकरांच्या पदरात एकच बरोबरी पडली. त्यानंतर युरोपातल्या बुद्धिबळाच्या जगाला त्यांचा थांग राहिला नाही. कुणी म्हणे ते हलाखीत दिवस काढतात, कुणी म्हणे दक्षिण आफ्रिकेत गवई झाले! ते आपल्या मुलखातच होते. १९४४ ला सर उमर वारले, तीन वर्षांनी फाळणी झाली, आणि साम्राज्याचा हा विजेता पाकिस्तानचा नागरिक झाला. १९५० साली जागतिक बुद्धिबळ महासंघाने पहिल्यांदा ग्रँडमास्टर हे किताब दिले तेव्हा सत्तावीस जणांच्या त्या यादीत रुबिनस्टाइन होते, टार्टाकोवर होते. या दोघांना हरवणाऱ्या सुलतान खान यांचे नाव नव्हते. स्पर्धा सोडून सतरा वर्षे झालेली, आणि नाव सुचवणारे कुणी नाही. ती चूक महासंघाने २०२४ च्या फेब्रुवारीत दुरुस्त केली आणि त्यांना मरणोत्तर ग्रँडमास्टर किताब दिला.

ते शेतीत रमले होते. संसार मोठा होता. मुलांनी पट शिकवा म्हटले तर ते टाळत. आयुष्यात याहून उपयोगाचे काही करा, असे त्यांचे मुलांना सांगणे असे. २५ एप्रिल १९६६ रोजी सरगोध्याला त्यांचे निधन झाले. मिठा टिवाण्याच्या आसपास तेव्हाही कुठल्यातरी ओट्यावर पट मांडला जात असेल, राजासमोर वजीर ठेवून.