शाळामास्तर टॉल्स्टॉय

ह्या वर्षी दोनतीन पालकांनी आम्हांस एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला. घंटा, इयत्ता, पाठांतर आणि परीक्षा ह्यांच्या चरकात मुलास न घालता, शेजारपाजारच्या चार मुलांच्या संगतीने, घरच्या घरी, त्याच्या आवडीप्रमाणे व त्याच्या गतीने त्यास शिकू दिले, तर काय बिघडेल? प्रश्न रागाने विचारलेला नव्हता. म्हणून उत्तरही घाईने देणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. उत्तराचा विचार करीत असता एका शाळामास्तराचे चरित्र आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. जग त्यांस थोर कादंबरीकार म्हणून ओळखते. परंतु ऐन उमेदीची काही वर्षे त्यांनी खेड्यातील पोरांस मुळाक्षरे शिकविण्यात घालविली, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल.

काउंट लिओ टॉल्स्टॉय ह्यांचा जन्म १८२८ साली रशियातील तुला प्रांतात, यास्नाया पोल्याना नावाच्या वडिलोपार्जित जहागिरीत झाला. दोन वर्षांचे होण्यापूर्वीच त्यांची आई गेली. नवव्या वर्षी वडीलही गेले. आत्यामावश्यांनी ह्या भावंडांस वाढविले. शिक्षण घरीच, जर्मन व फ्रेंच शिक्षकांच्या हाताखाली झाले. फ्रेंच शिक्षकाने एकदा कोंडून ठेवून छडीचा धाक घातला, तो अपमान पुढे म्हातारपणीही त्यांच्या मनातून गेला नाही. घरच्या शिक्षणातही छडी असू शकते, हे पालकांनी येथे ध्यानात घ्यावे. १८४४ साली ते कझान येथील विद्यापीठात दाखल झाले; प्रथम पौर्वात्य भाषा, मग कायदा, आणि १८४७ साली पदवी न घेताच घरी परत, असा तो सारा क्रम झाला.

पुढे ते सैन्यात गेले, सेवास्तोपोलच्या वेढ्यात लढले, लेखक म्हणून नावारूपास आले. ह्या काळातील जुगार व उधळेपणा ह्यांविषयी त्यांनी स्वतःच काही लपविले नाही, तेव्हा आम्हीही लपवीत नाही. शाळेचा एक अल्पसा प्रयत्न त्यांनी १८४९ साली करून पाहिला होता. खरी शाळा निघाली ती १८५९ च्या शरद ऋतूत, आपल्याच वाड्याशेजारच्या इमारतीत. त्या वेळी रशियातील शेतकरी भूदास होते. त्यांची मुक्तता १८६१ साली झाली. जमीनदाराने फुकट शाळा काढली ह्यात काहीतरी डाव असावा, मुलांस पुढे फौजेत धाडतील, असा संशय गावकऱ्यांस प्रथम आला, आणि त्यात नवल ते काय?

काम करू लागल्यावर आपल्यास शिकविता येत नाही, हे टॉल्स्टॉय ह्यांच्या ध्यानात आले. असे ध्यानात येणारे शिक्षक विरळा! १८६० साली ते शाळा पाहण्यासाठी युरोपात गेले आणि जर्मनी, फ्रान्स, इटली, इंग्लंड, बेल्जम असा सुमारे नऊ महिने प्रवास केला. ह्याच प्रवासात त्यांचा वडील बंधु निकोलाय क्षयाने त्यांच्या डोळ्यांदेखत वारला. शाळांचे दर्शनही फारसे सुखाचे झाले नाही. जर्मनीत त्यांस भ्यालेली, पढविल्यासारखे बोलणारी मुले दिसली. मार्सेल्स शहरात मात्र एक मौज त्यांनी पाहिली. तेथील शाळांत शिकविलेले मुलांस समजलेले नव्हते. पण शहरातील सामान्य माणूस चौकस व जाणता होता. ही विद्या त्याने वर्गात न मिळविता रस्त्यावर, उपाहारगृहात, नाटकगृहात, स्वस्त पुस्तकांतून मिळविली होती. मनुष्य शाळेबाहेर शिकतो, आणि शाळेने त्या शिकण्याच्या आड येऊ नये, हा विचार तेथून त्यांच्या मनात पक्का बसला.

आता यास्नाया पोल्यानाच्या शाळेत डोकावून पाहू. देवडीवर एक घंटा टांगलेली असे. सकाळी ती वाजली की धुक्यातून मुले येत. हातात पुस्तक नाही, पाटी नाही, डोक्यावर कालच्या पाठाचे ओझेही नाही. कारण घरी करावयाचा अभ्यास मुळीच दिला जात नसे. पटावर सुमारे चाळीस नावे होती. हजर बहुधा तीसच्या आत. बहुतेक सात ते तेरा वर्षांची, त्यांत थोड्या मुली आणि क्वचित एखादा मोठा माणूसही. शिक्षक चार. ज्याला जेथे रुचेल तेथे त्याने बसावे: बाकावर, मेजावर, खिडकीच्या कट्ट्यावर, नाहीतर जमिनीवर. उशिरा आल्यास कोणी रागावत नसे. कंटाळा आल्यास उठून जाण्याची मोकळीक होती. हिवाळ्यात कधी कधी दुपारनंतर एखादा मुलगा टोपी उचलून निघे आणि त्याच्यामागे सारा वर्ग आरडाओरडा करीत घरची वाट धरी. शिक्षकांनी त्यांस अडवू नये असा नियम होता. उलट दुसऱ्या दिवशी गोष्ट रंगली म्हणजे तास संपला तरी मुले हलत नसत.

आमच्या वर्गात अशी मोकळीक दिली तर काय होईल, ह्या विचाराने आम्हांस घाम फुटतो, हे कबूल केले पाहिजे. परंतु टॉल्स्टॉय ह्यांचा मुद्दा साधा होता. मुलांनी ओळीने, गप्प बसावे ही व्यवस्था शिक्षकाच्या सोयीची आहे; तीत मुलाची सोय पाहिलेली नाही. मूल उठून जाऊ शकते हे ठाऊक असले की शिक्षकास रोज आपला पाठ ऐकण्याजोगा करावाच लागतो. म्हणजे ह्या शाळेत मुलांचे काम हलके झाले असले तरी मास्तरांचे दुपटीने वाढले होते. सारे पाठ साधले असेही नाही. भूगोल आणि प्राचीन रशियाचा इतिहास ह्यांत मुलांचे मन रमेना, आणि हे अपयश त्यांनी आपल्या मासिकात छापून टाकले. जुन्या करारातील गोष्टी मात्र मुलांनी पहिल्याच ऐकण्यात आपल्याशा केल्या. योसेफाची कथा ती पुनःपुन्हा सांगत.

एकदा एका म्हणीवरून गोष्ट लिहिण्याचे ठरले. मुलांनी तो विषय कठीण म्हणून सोडून दिला, तेव्हा टॉल्स्टॉय स्वतः लिहावयास बसले. हळूहळू मुले पाठीशी जमली, आणि हे असे नाही, तो म्हातारा असे बोलणार नाही, अशा दुरुस्त्या सुचवू लागली. फेदका व सेमका ह्या टोपणनावांनी त्यांनी वर्णिलेले दोन मुलगे तर रात्र झाली तरी उठेनात. लिहिलेले कागद पुढे मोठ्यांच्या हयगयीने नाहीसे झाले. मास्तरांस झालेले दुःख पाहून ते दोघे एका संध्याकाळी आले आणि रात्री उशिरापर्यंत बसून त्यांनी गोष्ट पुन्हा लिहून काढली. ह्यावर टॉल्स्टॉय ह्यांनी १८६२ साली एक लेख लिहिला. लिहावयास कोणी कोणापासून शिकावे, शेतकऱ्यांच्या पोरांनी आपल्यापासून की आपण त्यांच्यापासून, हा त्याचा प्रश्न.

दुसरा प्रसंग इतका गोड नाही. विजेच्या प्रयोगाच्या उपकरणातील काही वस्तू चोरीस गेल्या आणि चोर सापडला. शिक्षा मुलांनीच ठरवावी असे झाले. मुलांनी ठरविले की, चोर अशी चिठ्ठी त्याच्या अंगरख्यावर लावून त्यास गावातून फिरवावे. टॉल्स्टॉय ह्यांनी ते होऊ दिले. काही दिवसांनी त्याच मुलाने पुन्हा पैसे चोरले. चिठ्ठी पुन्हा लागली. मास्तर त्यास उपदेश करू लागले, आणि बोलता बोलता त्यांची दृष्टि त्याच्या चेहऱ्यावर गेली. तो चेहरा पांढरा, कठोर व दुःखाने भरलेला होता. त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली, त्यास जावयास सांगितले, आणि कोणाही मनुष्यास असे शासन करण्याचा आपल्यास अधिकार नाही, असे त्यांस वाटले. मुलांच्या हाती कारभार दिला म्हणजे न्याय आपोआप होतो, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हा प्रसंग अवश्य विचारात घ्यावा. मुलांचा निवाडा मोठ्यांहून निष्ठुर असू शकतो. त्या दिवशी मास्तर शेजारी होते म्हणून तो थांबला.

ह्या शाळेच्या धर्तीवर आसपासच्या खेड्यांत दहाबारांहून अधिक लहान शाळा निघाल्या. विद्यापीठांतील गडबडीनंतर बाहेर पडलेले तरुण तेथे शिक्षक झाले. शेतकऱ्याच्या झोपडीत राहावे व तेथेच मूठभर मुलांस शिकवावे असा तो प्रकार होता. सरकारास ह्याचा वास लागला. १८६२ च्या उन्हाळ्यात टॉल्स्टॉय प्रकृतीसाठी दोन विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन दूर स्टेप प्रदेशात घोडीचे आंबविलेले दूध पिण्यास गेले होते. त्यांच्या पाठीमागे पोलिसांनी गुप्त छापखान्याच्या संशयावरून दोन दिवस घराची व शाळेची झडती घेतली. फरशा उखडल्या, तळ्यात जाळी टाकली. घरी वृद्ध मावशी व बहीण एवढीच घरची माणसे होती. सापडले काहीच नाही, पण गावात भय बसले. टॉल्स्टॉय ह्यांनी झारकडे तक्रार केली. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला, लवकरच त्यांनी 'युद्ध आणि शांती' हा ग्रंथ हाती घेतला, आणि शाळा मिटली. एका माणसाच्या अंगावर उभी असलेली शाळा तो माणूस दुसरीकडे वळताच उरली नाही.

१८७२ साली ती पुन्हा घरातच सुरू झाली. ह्या वेळी पत्नी आणि मोठी मुलेही गावच्या पोरांस शिकवीत. त्याच वर्षी त्यांचे मुळाक्षरांचे पुस्तक निघाले. ते प्रथम चालले नाही. १८७५ च्या सुधारलेल्या आवृत्तीचा मात्र देशभर अमाप खप झाला. स्वतःच्या मुलांस ते गणित शिकवीत. गावच्या पोरांपुढे इतके धीराचे असलेले हे मास्तर घरच्या मुलांवर त्या तासाला लौकर चिडत, आणि मुलगी तात्याना भीतीने येत असलेलेही विसरून जाई. घरी मुलांस शिकविणाऱ्या पित्यांस ह्याचे कारण आम्ही सांगावयास नको. पुढे मोठ्या मुलांच्या शिक्षणासाठी १८८१ साली सारे कुटुंब मॉस्कोस राहावयास गेले.

त्यांचे उत्तरायुष्य, त्यांचे धर्मविचार आणि १९०१ साली रशियन धर्मसभेने त्यांस बहिष्कृत केले तो वाद, हा निराळा विषय आहे. १९१० साली, नोव्हेंबरात, घर सोडून निघाले असता आस्तापोवो ह्या लहानशा रेल्वे स्टेशनावर त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ कालेनबाख ह्या मित्राच्या जमिनीवर टॉल्स्टॉय फार्म वसविले होते. तेथील मुलांस गांधीजी स्वतः शिकवीत. मुलांस कष्ट आणि विद्या एकत्र द्यावी हा जो विचार पुढे १९३७ साली वर्धा येथील परिषदेत मांडला गेला, त्याची पहिली तालीम त्या शेतावर झाली.

फेदका म्हणजे वासिली मोरोझोव्ह. तो लेखक झाला नाही. तुला शहरात गाडीवान झाला. पुढे उतारवयात त्याने त्या शाळेच्या आठवणी लिहून काढल्या.